उत्तर चार सेकंद आलं, पण आवाज गेला कुठून?



नववीच्या विज्ञानात 'ध्वनीचा अभ्यास' हा पाठ आपण सगळेच शिकवतो. त्यातलं एक सोडवलेलं उदाहरण तुम्हाला पाठ असेल. ध्वनीतरंगाची वारंवारिता १.५ किलोहर्ट्झ, तरंगलांबी २५ सेंटिमीटर, आणि विचारलंय की १.५ किलोमीटर अंतर जायला त्याला किती वेळ लागेल. रीत सरळ आहे. वेग म्हणजे वारंवारिता गुणिले तरंगलांबी, म्हणून १५०० × ०.२५ = ३७५ मीटर प्रति सेकंद. मग वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, १५०० ÷ ३७५ = ४ सेकंद. एकक लिहिलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, झालं गणित. पैकीच्या पैकी गुण.

माझं म्हणणं या दोन रेघांबद्दल आहे. त्या आपण फार लवकर मारतो.

हे उदाहरण मी फळ्यावर पूर्ण सोडवते आणि मग मुलांना त्याच पाठातला तक्ता काढायला लावते. वेगवेगळ्या माध्यमांत २५ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग किती, तो तक्ता. हवेत ३४६, ऑक्सिजनमध्ये ३१६, हेलियममध्ये ९६५, हायड्रोजनमध्ये १२८४, पाण्यात १४९८, पोलादात ५९६०. "आता सांगा, आपला ३७५ चा आवाज यातल्या कशातून गेला?" वर्गात दोन मिनिटं शांतता होते. कोणी म्हणतं हवेतून, जवळ जवळ तर आहे ना. कोणी म्हणतं वारा असंल मॅडम मागून. मागच्या बाकावरून एकदा आवाज आला, "काहून मॅडम, पुस्तकात तं लिहिलंच नाई कशातून गेला ते. मंग आमी कसं सांगाव?"

अगदी बरोबर आहे पोराचं. पुस्तकात माध्यम दिलेलंच नाही. आणि ध्वनीच्या कुठल्याही गणितात पहिला प्रश्न हाच हवा, की आवाज जातोय कशातून. माध्यम नाही तर ध्वनी नाही, हे वाक्य आपण आदल्याच तासाला घोकून घेतलेलं असतं. निर्वात हंडीतली घंटाही दाखवलेली असते (किंवा चित्र दाखवून 'समजा हं' म्हटलेलं असतं).

बरं, हवा धरूनच चालू. हवेत आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. शून्य अंशाला तो सुमारे ३३१ मीटर प्रति सेकंद, आणि दर अंशामागे साधारण ०.६ ने वाढतो. मग ३७५ व्हायला तापमान किती हवं? ३७५ मधून ३३१ गेले ४४, भागिले ०.६, म्हणजे पंचाहत्तर अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पंख्यातूनसुद्धा झळा येतात, रस्त्याचं डांबर पायाला चिकटतं, पण हवा पंचाहत्तर अंशांवर अजून गेलेली नाही. तरी उत्तर चार सेकंद!

आपल्या मंडळालाच कशाला नावं ठेवा. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात याच जातीचं उदाहरण अनेक वर्षं होतं. वारंवारिता २ किलोहर्ट्झ, तरंगलांबी ३५ सेंटिमीटर, अंतर तेच दीड किलोमीटर. वेग येतो ७०० मीटर प्रति सेकंद आणि वेळ २.१ सेकंद. ७०० हा वेग त्यांच्याही तक्त्यात कशालाच जुळत नाही. हवेत तो मिळवायचा तर हवा जवळजवळ साडेनऊशे अंशांपर्यंत तापवावी लागेल. त्याच्या कितीतरी आधी ॲल्युमिनियमची भांडी वितळतात. दिल्लीच्या पुस्तकानं भट्टीतून आवाज पाठवला आणि देशभरातल्या पोरांनी निमूटपणे २.१ सेकंद लिहिलं.

पुस्तक लिहिणाऱ्यांची बाजूही सांगायला पाहिजे. त्यांना वेग, वारंवारिता आणि तरंगलांबी यांचा संबंध पक्का करून घ्यायचा होता. आकडे सुटसुटीत हवेत म्हणजे गुणाकार-भागाकारात पोरगं अडकणार नाही, हा हेतू चांगलाच आहे. सूत्र बरोबर, रीत बरोबर, हिशोबही बरोबर. त्यामुळे उदाहरण काढून टाका असं मी म्हणत नाही. उलट मला ते फार कामाचं वाटतं. मात्र ते जिथे संपतं तिथून पुढचा तास सुरू व्हायला हवा.

कारण सवय लागते ती इथेच. आकडा आला की तो खरा. यंत्रानं दाखवला की खरा, पुस्तकात छापला की खरा, मोबाईलवर दिसला की तर विचारूच नका. मे २०२४ ची गोष्ट आठवते का? नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं चक्क ५६ अंश तापमान दाखवलं. तासाभरात तो आकडा सगळ्यांच्या फोनवर. 'नागपूर देशात सर्वात गरम' म्हणून लोकांनी एकमेकांना पाठवला, आमच्या स्टाफरूममध्येही आला. नंतर हवामान खात्यानं स्पष्ट केलं की संवेदकात बिघाड होता, तो आकडा ग्राह्य नाही. पण तोवर किती जणांनी विचारलं, की बाजूच्या केंद्रांवर किती होतं? एकाच शहरात दहा-बारा अंशांचा फरक कसा पडेल? ३७५ पाहून 'कशातून?' असं विचारणारं पोरगं ५६ पाहून 'कुठलं यंत्र?' असं विचारेल. निदान मला तरी तसं वाटतं.

या बाबतीत न्यूटनचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. आवाजाचा वेग सूत्रावरून काढणारा पहिला मोठा माणूस तोच. १६८७ साली त्याचा 'प्रिन्सिपिया' आला, त्यात हा हिशोब आहे. आणि उत्तर? खऱ्या वेगापेक्षा साधारण १५ टक्के कमी. गुणाकार चुकला नव्हता. आवाज जाताना हवा दाबली जाते तेव्हा ती किंचित तापते आणि ती उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही, हे त्यानं धरलं नव्हतं. ही दुरुस्ती लाप्लासनं केली, १८१६ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ न्यूटनसारख्या माणसाचं उत्तर मोजमापाशी जुळत नव्हतं. पण ते जुळत नाही हे कळलं, कारण कोणीतरी मैदानात जाऊन प्रत्यक्ष मोजत होतं.

कसं मोजत होते, तेही मजेदार आहे. इंग्लंडात विल्यम डेरहॅम नावाचा पाद्री चर्चच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायचा. मैलोगणती दूर बंदूक उडाली की जाळ दिसायचा, त्या क्षणापासून लंबकाचे ठोके मोजायचे, आवाज आला की थांबायचं. अंतर आधीच मोजलेलं. १७०९ मध्ये त्यानं आपले निष्कर्ष छापले. फ्रेंचांनी १७३८ साली पॅरिसजवळच्या टेकड्यांवर तोफा उडवून हेच केलं.

आणि आपल्या देशात? मद्रासला. तिथल्या वेधशाळेचा जॉन गोल्डिंगहॅम यानं १८२० च्या सुमारास फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट इथल्या तोफांचा उपयोग केला. या तोफा सकाळ-संध्याकाळ उडायच्याच, लष्कराचा नेम होता. त्यानं वेधशाळेतून जाळ पाहिला, आवाजापर्यंतचे सेकंद मोजले आणि हे रोज, महिनोन्‌महिने केलं. सोबत तापमान, हवेचा दाब, वारा यांच्या नोंदी. त्याचा निबंध १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हिवाळ्यातल्या महिन्यांत वेग कमी, गरम महिन्यांत जास्त, हे त्याच्या नोंदींत दिसलं. आपल्या पुस्तकांत पॅरिस येतं, पण मद्रास कुठे येत नाही. का येत नाही ते मला समजत नाही. उन्हाळा म्हणजे काय हे मद्रासला पॅरिसपेक्षा जास्त कळतं, आणि खाप्याला मद्रासपेक्षाही जास्त!

तर खाप्याचा हिशोब करू. इथे जानेवारीच्या पहाटे दहा अंश असतात. वेग झाला ३३१ + ६ = ३३७. मेच्या दुपारी पंचेचाळीस अंश, वेग ३३१ + २७ = ३५८. म्हणजे त्याच गावात, त्याच रस्त्यावर, वर्षभरात आवाजाचा वेग सेकंदाला एकवीस मीटरनं बदलतो. तीन किलोमीटरला हिवाळ्यात ८.९ सेकंद आणि उन्हाळ्यात ८.४. अर्ध्या सेकंदाचा फरक, साध्या घड्याळातसुद्धा कळावा इतका. मग मुलं विचारतात, "मॅडम, एका ठिकाणी ३४० लिहिलंय, एका ठिकाणी ३४३, इथं ३४४ अन् तक्त्यात ३४६. खरं कोणतं?" याचं उत्तर 'परीक्षेत जे दिलं असेल ते' असं देऊन आपण मोकळे होतो. सगळेच खरे आहेत बाबांनो. १५ अंशाला ३४०, २० ला ३४३, २२ ला ३४४, २५ ला ३४६. हे एका ओळीचं स्पष्टीकरण आहे. ते दिलं की चार वेगळे पाठांतराचे आकडे राहत नाहीत, एकच गोष्ट राहते. नववीला ०.६ चं सूत्र जड जाईल असं काही सहकारी म्हणतात. मला नाही पटत. जी मुलं दुकानात उधारीचा हिशोब तोंडी करतात त्यांना ०.६ ने गुणणं जड जात नाही.

आता गणितं कुठली द्यायची? पुस्तकातल्या डोंगरावर उभा राहून ओरडणारा माणूस आमच्या मुलांनी पाहिलेला नाही. खाप्याला डोंगर कुठे? पण कन्हान आहे. नदीच्या काठावर उभं राहून पलीकडे कोणी दगडावर कपडे आपटत असेल तर धोपटणं आधी दिसतं, 'धप्प' मागून येतं. हे प्रत्येकानं पाहिलंय, फक्त ते विज्ञान आहे हे कोणी सांगितलेलं नाही. दिसणं आणि ऐकणं यात साधारण एक सेकंद गेला तर तो माणूस किती लांब? साडेतीनशे मीटर. अर्धा सेकंद वाटला तर पावणेदोनशे. इथे पुस्तकातलं ३४० एकदम अंगात येतं.

आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, दोरीनं टांगलेला. एक मूल त्यावर टोला मारतं, बाकीचे मैदानाच्या पार टोकाला. पन्नास-साठ मीटरवर काही कळत नाही. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर दोनशे, तीनशे मीटरवर गेलं की हात खाली येतो आणि 'टण्' नंतर येतो. मुलं हसतात. त्या हसण्याला मी धड्याचा अर्धा भाग मानते. (रुळाला कान लावून गाडी येते का बघू, असं एखादं पोरगं म्हणतंच. तिथे मात्र कडक व्हायचं. पोलादात आवाज सोळा-सतरा पट जोरात जातो हे खरं, पण रुळाजवळ जायचं नाही म्हणजे नाही.)

आणि खदान. खाप्याला मॅंगनीज काय हे सांगावं लागत नाही, गुमगावची खाण जवळच आहे. आजूबाजूला गिट्टीच्या खदानीही असतात. अशा उघड्या खदानीत सुरुंग उडाला तर लांब उभ्या माणसाला दोन वेळा कळतं. आधी पायाखाली हादरा, मग कानात आवाज. असं का? कारण खडकातून कंपन सेकंदाला हजारो मीटर जातं, हवेतून साडेतीनशेच. खडकातला वेग ५००० धरा आणि खदान २ किलोमीटरवर धरा. हादरा पोहोचला २००० ÷ ५००० = ०.४ सेकंदात. आवाज पोहोचला २००० ÷ ३५० = ५.७ सेकंदांत. मधे ५.३ सेकंदांचं अंतर. आता गणित उलटं फिरवा. हादरा आणि आवाज यांत ५.३ सेकंद गेले, तर खदान किती लांब? मला विचाराल तर संपूर्ण पाठात यापेक्षा चांगला प्रश्न नाही, कारण भूकंपाचं केंद्र किती दूर आहे ते याच कल्पनेवर काढतात. जमिनीतून दोन प्रकारच्या लहरी दोन वेगांनी येतात, त्यांच्या पोहोचण्यातला फरक मोजायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाबद्दल मुलांनी घरी मोठ्यांकडून ऐकलेलं असतं. ते नाव घेतलं की वर्ग एकदम लक्ष देतो.

मोठ्या अंतराचं गणित हवं असेल तर एक गमतीचं. खापा ते नागपूर सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. नागपुरात मोठा आवाज झाला आणि तो इथवर ऐकू आला असं समजा. ३०००० ÷ ३५० म्हणजे ८६ सेकंद, जवळजवळ दीड मिनिट. फोन तोवर येऊन गेलेला असेल! 'समजा' नको, खरंच हवं असेल तर क्राकाटोआ घ्या. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियातला हा ज्वालामुखी फुटला आणि त्याचा आवाज हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे ४८०० किलोमीटरवर, ऐकू गेला. तिथल्या लोकांना वाटलं दूर कुठेतरी जहाजावर तोफा उडताहेत. तो आवाज किती वेळानं पोहोचला असेल? ४८००००० ÷ ३४० म्हणजे १४ हजार सेकंदांच्या वर, भागिले ३६००, आले ३.९ तास. नोंद आहे जवळपास चार तासांची. हे जुळलं की मुलं टाळ्या वाजवतात. सूत्र खरं ठरल्याचा आनंद असा असतो, आणि पुस्तकातल्या ३७५ मध्ये तो मिळत नाही कारण तिथे जुळवून पाहायला समोर काहीच नसतं.

एवढा वेळ मी हे सगळं गणिताबद्दल बोलतेय, पण ज्या कारणासाठी हा लेख लिहायला बसले ते वेगळं आहे. ते आहे वीज.

आपल्या वर्गातली निम्मी मुलं शेतकरी-शेतमजुरांच्या घरची. मृगात कपाशी-सोयाबीनची पेरणी, नंतर निंदण, आणि परतीच्या पावसात पुन्हा विजा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात २८८७ माणसं वीज पडून गेली. पूर, थंडी, उष्माघात या सगळ्या नैसर्गिक कारणांमध्ये सर्वात जास्त मृत्यू विजेचेच. यातली बरीच माणसं शेतात, झाडाखाली असलेली. दर पावसाळ्यात विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावाची अशी बातमी येते आणि आपण वाचून पान उलटतो.

वीज चमकली की मोजायचं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण कसं मोजायचं? अनेकांचा समज असा, की जितके सेकंद तितके किलोमीटर. नऊ आकडे मोजून झाले म्हणजे वीज नऊ किलोमीटरवर, अजून लांब आहे, तेवढी ओळ निंदून घेऊ. आता गणित करा. ३५० × ९ = ३१५० मीटर. नऊ नाही, तीन किलोमीटर! सेकंदांना तीनने भागायचं, तेव्हा किलोमीटर येतात. प्रकाशाला लागणारा वेळ सोडून द्या, तीन किलोमीटरला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. ज्या मुलाला १५०० भागिले ३७५ येतं, त्याला हे आलंच पाहिजे. आणि त्यानं घरी जाऊन आजीला, मामाला, बापाला सांगितलंच पाहिजे. तीनचा हा भागाकार आमच्या परीक्षेत कधी आलेला मी पाहिला नाही.

मात्र इथे मला सावध लिहायचं आहे, कारण अर्धवट गणित पूर्ण अज्ञानापेक्षा घातक ठरू शकतं. सेकंद मोजून कळतं ते पडून गेलेल्या विजेचं अंतर. पुढची कुठे पडेल ते त्यातून मुळीच कळत नाही. ढग काही किलोमीटर पसरलेला असतो, तो सरकतही असतो. एक वीज सहा किलोमीटरवर आणि दुसरी थेट डोक्यावर, असं होऊ शकतं. शिवाय चमकाचमक जोरात सुरू असेल तर कोणती गर्जना कोणत्या चमकेची, याचा घोळ होतो. त्यामुळे मोजणी करायची ती घरात, पक्क्या छपराखाली बसून. शेतात असताना साधा नियम: तीस सेकंदांच्या आत गर्जना आली म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडायचं. खरं तर गर्जना ऐकू आली, एवढंच पुरे. गडगडाट सहसा पंधराएक किलोमीटरपलीकडे ऐकूच येत नाही. तो कानावर पडला म्हणजे आपण टापूत आहोत. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, एकट्या झाडाखाली नाही, टिनाच्या उघड्या शेडमध्ये नाही. शेवटची गर्जना झाल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलंय, आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं. फोन घरोघरी आहेतच. मी पालकसभेत ते लोकांच्या फोनवर तिथल्या तिथे टाकून देते. दहा मिनिटं लागतात. अहवालात त्याला रकाना नाही, नसू द्या.

कोणी म्हणेल, मॅडम, हे सगळं छान, पण पाठ संपवायचे कधी? चाचणी, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात तुमचा रुळाचा तुकडा. हा प्रश्न खोटा नाही. मीही त्याच शाळेत, त्याच घड्याळावर काम करते. पण हिशोब करून पाहा. ३७५ चं उदाहरण सोडवायला दहा मिनिटं. त्यावर 'कशातून?' हा प्रश्न आणि तक्ता पाहणं, आणखी पाच. विजेचा भागाकार तीन मिनिटं. एवढ्यानं पाठ लांबत नाही. उलट याच पद्धतीची पाच उदाहरणं, आकडे बदलून, मुलांकडून वहीत लिहून घेतो ना आपण, त्यातली तीन कमी करा. सहाव्या वेळी भागाकार केल्यानं पोराला काही नवीन कळत नाही.

गुणांचंही काही बिघडत नाही. उत्तरपत्रिकेत रीत लिहा, उत्तर ४ सेकंद लिहा, तीन गुण घ्या. मी फक्त वहीत एक ओळ वाढवायला सांगते, 'हे उत्तर शक्य आहे का? का?' सुरुवातीला सगळे 'होय, शक्य आहे' लिहितात, एकमेकांचं बघून. दिवाळीपर्यंत निम्मे लिहायला लागतात की माध्यम दिलेलं नाही. गेल्या वर्षी एकीनं लिहिलं, "शक्य नाही, एवढ्या गरम हवेत ऐकणाराच राहणार नाही." त्या ओळीला मी वेगळा लाल शेरा दिला.

ज्यांना साधनांशिवाय प्रत्यक्ष मोजून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग. शाळेची मोठी, सपाट, एकसंध भिंत हवी आणि समोर मोकळी जागा. भिंतीपासून ६० मीटर टेपनं मोजा. एक मूल टाळी वाजवेल, लाकडाच्या दोन ठोकळ्या असतील तर उत्तम. प्रतिध्वनी ऐकू आला पाहिजे. आता टाळ्यांची लय अशी धरायची की प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मधोमध पडेल. टाळी, प्रतिध्वनी, टाळी, प्रतिध्वनी, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. लय जमायला थोडा वेळ लागतो, घाई करू नका. लय बसली की पहिल्या टाळीला 'शून्य' म्हणून विसाव्या टाळीपर्यंतचा वेळ मोबाईलच्या स्टॉपवॉचवर घ्या. एका टाळीपासून दुसरीपर्यंतच्या वेळात आवाजाच्या दोन फेऱ्या बसतात, एक फेरी १२० मीटरची. वीस टाळ्यांत चाळीस फेऱ्या, म्हणजे ४८०० मीटर. तीस अंशांच्या हवेत पावणेचौदा सेकंद यायला हवेत. ४८०० ÷ १३.७५ = ३४९. एकदम एकच टाळी मोजली असती तर बोट दाबायला लागणारा पाव सेकंदच सगळं उत्तर खाऊन टाकतो. वीस टाळ्यांवर तीच चूक दोन टक्क्यांवर येते. मुलांचे आकडे ३४० ते ३६० च्या मधे येतात, कधी एखादा गट ३०० आणतो, मग लय कुठे चुकली ते शोधायचं.

तापमान त्याच वेळी भिंतीजवळ सावलीत घ्या, फोनवरचं नको. वेळ सकाळी पावणेआठची बरी. नंतर रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू होतात आणि प्रतिध्वनी काही ऐकू येत नाही.